करतपासणीत छोटाच माणूस आधी का सापडतो? आणि कर भरावा कोणी?

कारण त्याची तपासणी स्वस्तात उरकते. पगाराचा आकडा मालकाकडून खात्याला आधीच कळलेला असतो; विवरणपत्राशी जुळला नाही की संगणकच नोटीस काढतो. कंपन्या, ट्रस्ट, परदेशी खाती यांत गुंतलेली फाइल उलगडायला मात्र मुरलेले अधिकारी लागतात, वर्षं जातात आणि समोर वकिलांची फौज असते.

अमेरिकेत २०२३ साली संशोधकांनी दाखवलं, की कृष्णवर्णीय करदात्यांची तपासणी इतरांच्या २.९ ते ४.७ पट होत होती. विवरणपत्रात वंश विचारतही नाहीत, तरीही! निवडीचं सूत्र एकूण किती कर बुडाला यापेक्षा कमी उत्पन्नवाल्यांनी घेतलेल्या सवलतीतल्या चुका शोधत बसलं. तिथल्या करखात्यानेही हा फरक मान्य केला.

राहिला दुसरा प्रश्न. ‘गरीब कर भरतच नाहीत’ हे मला पटत नाही. खरेदीवरचा अप्रत्यक्ष कर कुणालाच चुकत नाही. उत्पन्नावरचा कर ऐपतीप्रमाणे असावा, म्हणजे जास्त कमाईवर दरही चढा. तपासणीसाठी थोड्या फायली चिठ्ठ्या टाकून काढाव्यात, बाकी जिथे बुडालेली रक्कम मोठी असण्याची शक्यता तिथल्या, मग खर्च जास्त आला तरी चालेल.