लावणीला 22 दिवस झाले, आता भातात कुठलं तणनाशक?

प्रश्न (रायगडातून दोन-तीन जणांचा सारखाच आलाय): लावणी होऊन 22 दिवस झाले, खाचरात पाखड (भातासारखंच दिसणारं गवत) आणि लव्हाळा माजलाय. दुकानदार म्हणतो प्रेटिलाक्लोर डबल घ्या, युरियात मिसळून टाका. टाकू का?

उत्तर: नाही. अजिबात टाकू नका. प्रेटिलाक्लोर हे तण उगवायच्या आधीचं औषध आहे, लावणीनंतर तीन ते पाच दिवसांत, दहा गुंठ्याला 100 ते 150 मिली पाच किलो रेतीत चोळून इंचभर पाण्यात फेकायचं. तो टाइम गेला. वर आलेलं तण त्याने मरत नाही, डबल टाका नाहीतर चौपट टाका, चटका बसेल तो भाताला.

आता बिसपायरीबॅक सोडियम 10 टक्के (उगवलेल्या तणावर फवारायचं औषध), तेही पाखड तीन-चार पानांवर आहे तोवरच, म्हणजे या दोन-तीन दिवसांत उरका. एकराला 80 ते 100 मिली, दहा गुंठ्याला 20 ते 25. डोस एकरावर धरा, पंपावर नाही! दुकानदार सांगतो पंपाला 20 मिली आणि तुम्ही एकराला दहा पंप मारता, झाला की डबल डोस, दर पावसाळ्यात अशी पिवळी पडलेली खाचरं मी बघतोय. आधी पाणी काढा, तण पूर्ण उघडं दिसलं पाहिजे, फ्लॅट फॅन (पसरट फवाऱ्याचं) नोझल लावा, पाच-सहा तास उघडीप मिळेल असा दिवस बघा. दोन-तीन दिवसांनी पाणी परत भरा आणि आठवडाभर राखा. सोबत युरिया, टॉनिक, कीटकनाशक काही म्हणजे काही मिसळायचं नाही.

हे औषध हळू चालतं, तण पिवळं पडून मरायला दोन आठवडे जातात. चौथ्या दिवशी दुकानात जाऊन "काही फरक नाही, परत मारू का" विचाराल तर तो हो म्हणणारच, त्याची बाटली खपते. परत मारू नका. आणि बांधावरचा गाठीचा लव्हाळा याने जाणार नाही, तो गाठीसकट खणूनच काढा.

पुढच्या वर्षी तरी दोरीवर लावा हो. चारसूत्रीत (भात लागवडीची चार सूत्रांची पद्धत) एकाआड एक 15 आणि 25 सेंमीवर लावणी केली की 25 च्या पट्ट्यात कोनोवीडर (हाताने ढकलायचं कोळपं) सरळ चालतो, ब्रिकेट (खताची गोळी) 15 च्या चौकोनात असते तिला धक्का लागत नाही, तण चिखलात गाडलं जातं, मुळांना हवा मिळते, फुटवे वाढतात. पंधरा-वीस दिवसांनी एकदा, मग दहा-बारा दिवसांनी परत.

कोनोवीडरचं अनुदान महाडीबीटीवर (राज्य सरकारचं योजनांचं पोर्टल), यांत्रिकीकरणात, फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) लागतो. पूर्वसंमती आली की मगच खरेदी करा, पक्कं बिल घ्या.