रेड कार्ड बसवण्याआधी

सर्व्हरमधून निघालेलं रेड कार्ड (RAID, अनेक डिस्क जोडून एकच मोठी डिस्क दाखवणारं) स्वस्तात मिळालं म्हणून ट्रूनॅसच्या (स्टोरेज सर्व्हरसाठीची ऑपरेटिंग सिस्टीम) मशीनमध्ये टाकू नकोस. डिस्क चार आणि मदरबोर्डवर साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) सहा, मग कार्ड हवंय कशाला?

ट्रूनॅसमधल्या झेडएफएसला (डिस्कवर डेटा मांडणारी फाइल सिस्टीम) प्रत्येक डिस्क थेट हातात लागते. तो चेकसम (डेटा बिघडला का ते सांगणारा पडताळणीचा आकडा) तपासून खराब डेटा दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्त करतो. मध्ये कार्ड आलं की त्याला चारऐवजी एकच मोठी डिस्क दिसते. चूक सापडते, पण दुरुस्तीला प्रत नसते. डिस्कची स्मार्ट (SMART) माहितीही, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची देते ती, बऱ्याचदा कार्डाच्या अलीकडे येत नाही. ‘एकेका डिस्कचं रेड झीरो कर’ (म्हणजे कार्डाला प्रत्येक डिस्क वेगळी दाखवायला लाव) अशी पळवाट कुणी सुचवेल, तिच्या नादी लागू नकोस. कार्ड जळालं की तसलंच दुसरं हुडकत बसशील.

पोर्ट खरंच कमी पडले तर एलएसआय ९२११-८आयसारखं एचबीए (डिस्क नुसत्या जोडून देणारं कार्ड) घे, आयटी मोडचं, म्हणजे रेड न करता डिस्क जशाच्या तशा पुढे देणारं, फर्मवेअर टाकलेलंच. दोन केबलींवर आठ साटा डिस्क लागतात. मात्र ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार हवेवर जगणारी. आपल्या सोलापुरात एप्रिल-मेत पारा ४० च्या वर असतो, पत्र्याखालच्या खोलीचं तर विचारूच नकोस. हीटसिंकवर ४० मिमीचा छोटा पंखा झिप टायनं आवळून टाक.

ओपनमीडियाव्हॉल्टवर (ट्रूनॅससारखीच दुसरी सिस्टीम) साधं ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टीम) वापरणार असशील तर हार्डवेअर रेड चालतं. फक्त कार्डाच्या कॅशची (डिस्कवर जाण्याआधी डेटा थांबतो ती मेमरी) बॅटरी जिवंत आहे का बघ. मेली असेल तर राइट-बॅक (डेटा आधी कॅशमध्ये ठेवून मग डिस्कवर लिहिणं) बंद ठेव, नाहीतर लाईट गेली की कॅशमधलं सगळं गेलं.