मामांची बंदूक खानापुरात, परवाना नवी मुंबईचा

ऐरोलीच्या एका वाचकाचे पत्र आले आहे. मुरबाडजवळ त्यांचे वडिलोपार्जित शेत आणि घर आहे, वर्षातले बरेच दिवस ते तिथे एकटे असतात. दोनदा चोरी झाल्यावर त्यांनी अर्ज केला आणि नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाकडून त्यांना एका बारा बोअर (बोअर म्हणजे नळीचे माप) बंदुकीचा परवाना मिळाला. क्षेत्र ‘महाराष्ट्र राज्य’. मुंबईतल्या विक्रेत्याने सांगितलेली नव्या दुनळीची किंमत त्यांना झेपत नाही. कर्नाटकात, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातले त्यांचे ७४ वर्षांचे मामा आपली दुनळी फुकट द्यायला तयार आहेत. मामांचा परवाना गेल्या दिवाळीच्या सुमारास संपला, नूतनीकरण राहून गेले. मामांनी मुद्रांक कागदावर भेटपत्र करून नोटरीही केली आहे. शिवाय एक मित्र म्हणतो, बिहारमधल्या मुंगेरहून नवी बंदूक निम्म्या किमतीत आणून देतो. वाचक विचारतात: ‘येत्या रविवारी गाडी घेऊन जाऊन मामांची बंदूक आणू का? भाग सुटे करून, डिकीत ठेवून आणली तर चालेल ना?’

मामांना भेटायला रविवारी जरूर जा, पण येताना गाडीत बंदूक नको. आणि रविवारची वाट न पाहता आज रात्रीच त्यांना फोन करा, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यांत गंभीर ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे. परवाना संपला त्या दिवसापासून मामांच्या कपाटातली बंदूक बेकायदा ताब्यात आहे. ती चाळीस वर्षे त्यांची असेल, एकदाही चाप ओढला नसेल, तरी कायद्याच्या नजरेत फरक पडत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ प्रमाणे बंदूक जवळ ठेवायची तर चालू परवाना लागतो आणि तो नसेल तर कलम २५ लागू होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान २ आणि कमाल ५ वर्षे कैद आहे. ७४ वर्षांच्या माणसाला हे भोगायला लागू नये, म्हणून आधी त्यांच्याबद्दल बोलू.

याच कायद्याचे कलम २१ अशा माणसासाठीच आहे. परवान्याची मुदत संपून ताबा बेकायदा झाला, तर विनाविलंब शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे. जमा केले म्हणून बंदूक हातची जात नाही. ठरलेल्या मुदतीत परवाना पुन्हा मिळाला तर ती परत घेता येते, नाहीतर ती बाळगण्याचा हक्क असलेल्या माणसाला देता येते. तुमच्याकडे चालू परवाना आहे, म्हणजे तो माणूस तुम्ही होऊ शकता. मात्र मुदत उलटू दिली तर बंदूक सरकारजमा होते.

मामांनी बंदूक खांद्याला लावून चालत ठाण्यात जाऊ नये. खानापूर किंवा बेळगावचा एखादा स्थानिक वकील गाठावा, ठाणे अंमलदाराला आधी लेखी कळवावे, उशीर का झाला हे अर्जात खरेखरे लिहावे आणि मग जमा करावी. पावतीवर बोअर, बंदूक कोणी बनवली ते, क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून घ्यावी. पोलिसांना कोणी कळवण्याआधी स्वतःहून आलेला म्हातारा आणि छाप्यात सापडलेला म्हातारा यांच्याकडे न्यायालय एकाच नजरेने पाहत नाही. वकिलीत मी हे पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

आता ते भेटपत्र. मामांनी प्रेमाने केले आहे, पण ते कुठेही दाखवू नका. खासगी माणसाला आपली बंदूक दुसऱ्याला विकता किंवा देता येते, ते कलम ५ मध्ये आहे, पण अटींवर. बंदूक त्याच्याकडे कायदेशीर ताब्यात हवी. कोणाला द्यायची त्याचे नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायला हवे, आणि कळवल्यानंतर किमान ४५ दिवस जायला हवेत. पैसे घेतले नाहीत म्हणून सूट नाही, भेट हेही हस्तांतरणच. तुमच्या भेटपत्रातून एवढेच सिद्ध होईल की परवाना संपलेला असताना, कोणालाही न कळवता मामांनी बंदूक दिली आणि तुम्ही घेतली. सरकारी वकील याहून जास्त काय मागेल?

‘पण माझा परवाना तर आहे,’ असे तुम्ही म्हणाल. तो नीट उघडून वाचा. त्यावर शस्त्राचे वर्णन आहे, क्षेत्र आहे आणि खरेदीची मुदतही आहे. परवाना म्हणजे ‘मी बंदूक बाळगू शकतो’ असे सर्वत्र चालणारे ओळखपत्र नव्हे. ही बंदूक, या माणसाकडे, या हद्दीत, असा तो हिशेब असतो. मामांच्या बंदुकीचा क्रमांक तुमच्या परवान्यावर अजून चढलेलाच नाही. क्षेत्राचे म्हणाल, तर खानापूर, बेळगाव, संकेश्वर, निपाणी आणि मग कोगनोळीचा टोलनाका. तिथपर्यंतच्या शंभरेक किलोमीटरवर तुमच्या परवान्याचा उपयोग नाही. तो कागल लागल्यावर सुरू होतो. नाकाबंदी कागलच्या अलीकडे लागली, तर तुम्ही कर्नाटकात विनापरवाना बंदूक घेऊन फिरणारा माणूस ठरता. मी तुमचा वकील असेन तर ‘ही फार तर परवान्याच्या अटीचा भंग आहे, कलम ३० लावा’ असे तळमळीने मांडेन. पण ते मांडेपर्यंत अटक, जामीन आणि दर तारखेला बेळगावची फेरी तुमच्या नशिबी येईल.

भाग सुटे करून आणण्याने काही साधत नाही. ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. नळ्या एका चादरीत आणि दस्ता दुसऱ्या पिशवीत असला तर उलट लपवण्याचा हेतू दिसतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे अशाच एका गृहस्थांचे प्रकरण होते, आजोळची बंदूक दुसऱ्या राज्यातून आणलेली. सुटले ते, पण सुटेपर्यंत चार पावसाळे गेले. मुद्देमालातून बंदूक परत मिळाली तेव्हा चापाच्या कडीला सुतळीने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी होती आणि दोन्ही नळ्यांवर तांबूस गंज चढलेला होता. त्यांनी ती तिथल्या तिथे विक्रेत्याला देऊन टाकली.

मुंगेरबद्दल थोडक्यात. तिथे परवानाधारक बंदूक कारखाने खरोखर आहेत आणि त्यांची दुनळी कायदेशीर असते. तुमच्या मित्राचे ‘आणून देतो’ मात्र कायदेशीर नाही. विक्रेता परवानाधारक हवा, बिल तुमच्या नावाचे हवे, परवाना क्रमांकासह. परवाना नसलेल्या माणसाकडून जाणूनबुजून शस्त्र घेणे हाही वेगळा गुन्हा आहे. शिवाय बिहार ते महाराष्ट्र एवढी हद्द ओलांडण्याचा प्रश्न तसाच राहतो. मित्राला नाही म्हणा.

मग बंदूक घ्यायची कुठून? स्थानिक विक्रेत्याकडून, पण ‘स्थानिक’चा अर्थ नीट समजून घ्या. स्थानिक म्हणजे ठाणे-नवी मुंबई नव्हे, तर तुमच्या परवान्याचे क्षेत्र. पुणे किंवा कोल्हापूरच्या परवानाधारक विक्रेत्याकडून घेतली तरी ती तुमच्यासाठी स्थानिकच खरेदी आहे. मुंबईतला भाव परवडत नसेल तर तिथे विचारा. विक्रेत्यांकडे लोकांनी विकलेल्या जुन्या दुनळ्याही असतात, त्या पुष्कळ स्वस्त पडतात. अशा खरेदीत ४५ दिवसांची अट नाही, राज्याची सीमा नाही. बिल घ्यायचे, बंदूक आणि परवाना सीबीडी बेलापूरला आयुक्तालयात तपासणीसाठी दाखवायचा आणि क्रमांकाची नोंद करून घ्यायची. तुमच्या गरजेपुरता मी हाच मार्ग सुचवेन.

तरीही मामांची आठवण म्हणून तीच बंदूक हवी असेल, तर तेही समजण्यासारखे आहे. मग पोलीस ठाण्याऐवजी बेळगावच्या परवानाधारक विक्रेत्याकडे ती जमा होईल असे पाहा. आयुक्तालयाच्या परवाना शाखेत अर्ज द्या: अमुक क्रमांकाची बंदूक अमुक ठिकाणी जमा आहे, ती माझ्या परवान्यावर घ्यायची आहे, ना-हरकत द्यावी. तिकडच्या दंडाधिकाऱ्यांचीही संमती लागेल. दोन्ही कागद हातात आल्यावर बंदूक वाहतूक परवान्यावर विक्रेत्याकडून महाराष्ट्रातल्या विक्रेत्याकडे यावी आणि तुम्ही ती इथे घ्यावी. काही महिने जातील, थोडा खर्चही होईल, पण बंदूक कुठल्याही क्षणी कागदाबाहेर राहणार नाही. शस्त्र घेण्याआधी नळ्या उतरवून आतला क्रमांक स्वतः पाहा. दुनळीत तो बहुधा नळ्यांच्या बुडाच्या सपाट भागावर आणि दस्त्याकडच्या पोलादी भागावर असतो. दोन्हीकडे एकच आहे का आणि कागदावर तोच आहे का, हे ताडून बघा. क्रमांक घासलेला असेल तर मामांची असली तरी हात लावू नका, ओळखखुणा नसलेल्या शस्त्राचे हस्तांतरण कायद्याला मंजूर नाही.

मुरबाडला रानडुकरे येतात असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. हा परवाना तुमच्या संरक्षणासाठी आहे. वन खात्याच्या परवानगीशिवाय डुकरावर गोळी झाडलीत तर वन्यजीव संरक्षण कायद्याचा वेगळा खटला होईल.

आणि मामांना फोन कराल तेव्हा काडतुसांचे आवर्जून विचारा. जुन्या माणसांकडे बंदुकीबरोबर एखादा पत्र्याचा डबा असतोच, गोदरेजच्या खालच्या कप्प्यात, जुन्या धोतरात गुंडाळलेला. कलम ३ बंदुकीइतकेच काडतुसालाही लागू आहे. तो डबा ‘असू दे, तुलाच लागतील’ म्हणून ते तुमच्या गाडीत ठेवतील. ठेवू देऊ नका. बंदुकीबरोबर तोही मोजून, पावतीवर लिहून, तिथेच जमा व्हायला हवा.