जेवताना कांजी विचारू नका

दांडिया बाजारातल्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावी कॉमर्सला, पाच महिन्यांपासून जपानी शिकते. 'एवढी फी भरली, तरी चार वाक्यं बोलता येत नाहीत. भाषाच अवघड, की हीच आळशी? दीड वर्षात एन-टू (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची वरून दुसरी पातळी) झाली पाहिजे, बुलेट ट्रेनचं प्रशिक्षण केंद्र आपल्या बडोद्यातच आहे.'

नमस्कार. तुमच्या पत्रात मी अडकलो ते दुसऱ्याच ओळीपाशी. 'रोज रात्री जेवताना तिला दहा कांजी (जपानीत वापरतात ती चिनी चिन्हं) विचारतो, चुकली की मोबाइल काढून घेतो.' पुढे तुम्हीच लिहिलंय की हल्ली ती सगळ्यांचं झाल्यावर एकटी जेवते. अहो, आळशी मुलगी बारावीचं वर्ष सांभाळून पाच महिने क्लासला गेली नसती. ती तुम्हाला टाळतेय. मला जपानीपेक्षा याची जास्त काळजी वाटते.

ज्या कांजी तुम्ही पुस्तक उघडून विचारता, त्यातली एकच बघा. उभा चौकोन, मध्ये आडवी रेघ: सूर्य, दिवस. रविवार म्हणजे 'निचियोबी'. या शब्दात ते चिन्ह दोनदा येतं, आधी 'निचि' आणि शेवटी 'बी'. 'निहोन', म्हणजे जपान, यात तेच 'नि' होतं. नेहमीच्या वापराच्या यादीत अशी २१३६ चिन्हं आहेत. घरीदारी जपानीच बोलणारी मुलंसुद्धा प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत त्यातली १०२६ शिकतात.

पण 'जगातली सर्वांत अवघड भाषा' हे डोक्यातून काढा. २२०० तासांचा जो आकडा ऐकू येतो, तो अमेरिकी परराष्ट्र खात्याचा, इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी काढलेला. आपलं तसं नाही. 'मी भात खातो' हे 'वाताशि वा गोहान ओ ताबेमासु' होतं. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी, आणि चा-ची-ला-नेसारखे प्रत्यय नामाच्या नंतर. तिच्या वहीतला हिरागानाचा, म्हणजे उच्चाराप्रमाणे लिहायच्या जपानी अक्षरांचा, तक्ता बघा: अ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम आपल्या वर्णमालेवरूनच तिकडे गेलाय. वाक्यरचना तिला लवकर जमेल. वेळ खाणार ती लिपी.

बोलण्याचं म्हणाल, तर जेएलपीटीत तोंडी परीक्षाच नसते. वाचन, ऐकणं, शब्द, व्याकरण, एवढंच. क्लास त्याच परीक्षेची तयारी करून घेत असेल, तर बोलता न येणं हा तिचा दोष कसा? आठवड्यातून दोनदा कुणाशी तरी जपानीत बोलायची सोय करा.

दीड वर्षात एन-टू, तेही बारावीसकट, हा हट्ट सोडा. तीन-चार वर्षं धरा. आणि नुसत्या भाषेवर रेल्वेत कुणी घेत नाही. बीकॉम करू दे, हिशेबाचं काम आणि जपानी दोन्ही येणारी माणसं कंपन्यांना लागतात.

या डिसेंबरला एन-फाइव्ह, म्हणजे सगळ्यात सोपी पातळी, पुरे. १८० पैकी ८० लागतात. मोबाइल आजच परत द्या, आणि रात्री ताटावर बसलात की तिला तिच्या मैत्रिणींबद्दल विचारा. जपानीचं काही विचारायचंच असेल, तर हिरागाना मला शिकवशील का, एवढंच विचारा. अक्षरं ४६ आहेत, तुम्हालाही जमतील.