20 महिन्यांच्या चाचणीत बाळ मागे दिसलं, तर ते पुढेही मागेच राहतं का?

तुमचं बाळ 29 व्या आठवड्यात, 1,000 ग्रॅमच्याही आत जन्मलं, 20 व्या महिन्याच्या विकास चाचणीत गुण 70 च्या खाली (सरासरी 100 धरतात) आले आणि ‘हे आता असंच राहणार का’ असं तुम्ही विचारलंय. त्या एका आकड्यावरून तसं कुणालाच सांगता येत नाही. माझी मुलगी 980 ग्रॅमची होती. तसाच कागद उशाशी घेऊन मी रात्री जागून काढल्या आहेत.

आधी विचारा, गुण काढताना वय कोणतं धरलं? अकरा आठवडे लवकर आलेल्या बाळाचे 20 महिने म्हणजे विकासाच्या हिशेबाने साडेसतराच. दोन वर्षांपर्यंत हे सुधारित वयच धरतात. (दिवस पूर्ण भरून कमी वजनाने जन्मलेल्या बाळाला ही वजाबाकी नसते.)

अमेरिकेत क्लीव्हलँडला नवजात शिशुतज्ज्ञ मॉरीन हॅक आणि सहकाऱ्यांनी 1,000 ग्रॅमच्या आतल्या मुलांचा पाठपुरावा केला. तो 2005 साली प्रसिद्ध झाला. सुधारित वयाच्या 20 व्या महिन्यात बेली चाचणीत (लहान बाळांच्या विकासाची चाचणी) 39 टक्के मुलं 70 च्या खाली होती. आठव्या वर्षी बुद्धिमापनात 70 च्या खाली राहिली 16 टक्के. मी हे आकडे वहीत लिहून ठेवले होते. मात्र ज्यांना सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणारा दोष) किंवा दृष्टी-श्रवणाचा मोठा दोष होता, त्यांच्या बाबतीत सुरुवातीचा आकडा बराच खरा ठरला. त्यामुळे आकड्यापेक्षा त्यामागचं कारण शोधणं महत्त्वाचं.

शब्द कमी असतील तर कान पुन्हा तपासून घ्या. जन्मानंतरची श्रवण चाचणी ठीक आली तरी अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांमध्ये बहिरेपण नंतरही उद्भवू शकतं. डोळ्यांचंही तसंच, डोळ्याच्या आतल्या पडद्याची तपासणी संपली तरी तिरळेपणा आणि मोठ्या नंबरचा चष्मा यांची शक्यता उरतेच. एकच हात वापरणं, टाचा न टेकता चालणं, पाय कडक वाटणं, येत असलेली गोष्ट विसरणं, यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना दाखवायला थांबू नका.

आता माझी चूक सांगते. चौथ्या वर्षी मुलगी छान बोलायला लागली आणि मी फाइल कपाटात टाकली. तिसरीत ती शाब्दिक गणितात अडखळायला लागली, दोन पायऱ्या डोक्यात धरेपर्यंत पहिली निसटायची. अक्षर काढताना हात दुखायचा. शाळेत तिला ‘लक्ष नसलेली’ म्हणत होते आणि मीही तिला रागवत होते. फार लहान जन्मलेल्या मुलांमध्ये गणित, एकाग्रता आणि हातांच्या कौशल्याच्या अडचणी जास्त आढळतात. त्या शाळेतच उघड होतात, दोन वर्षांच्या चाचणीत बहुतेकदा दिसत नाहीत. हे मला आधी माहीत असतं तर तिची दोन वर्षं रडण्यात गेली नसती.

म्हणून थेरपी आजच सुरू करा, निदानाच्या नावाची वाट पाहू नका. आणि बाळाने गुण भरून काढले तरी शाळेत घालण्याआधी पुन्हा एकदा सविस्तर तपासणी करून घ्या.