पार्टीसाठी तिखट मसाला क्रॅकर्स घरी कसे करायचे? त्यात सावजी मसाला चालेल का?

तुम्ही विचारले आहे की रविवारी मॅच बघायला घरी वीसेक जण येणार आहेत, त्यांच्यासाठी अमेरिकेत करतात तसे तिखट क्रॅकर्स करायचे आहेत. सॉल्टीन बिस्किटे आणि रँच मसाल्याचे पाकीट नागपुरात मिळाले नाही, म्हणून तुम्ही साधी खारी बिस्किटे घेतली, लसूण वाटून तेलात मिसळला आणि वरून ओतला. निम्मी बिस्किटे नरम पडली, मसाला डब्याच्या तळाशी राहिला. आता पुन्हा करताना रँचऐवजी सावजी मसाला चालेल का, असा प्रश्न आहे.

चालेल. पण आधी ती नरम का पडली ते बघू, कारण या पदार्थाची सगळी मेख तिथेच आहे.

बिस्किट तेलाने नरम पडत नाही, पाण्याने पडते. भट्टीतून निघालेल्या क्रॅकरमध्ये ओलावा जवळजवळ उरलेलाच नसतो, आत नुसत्या बारीक पोकळ्या असतात. तेल त्या पोकळ्यांत शिरते आणि बसून राहते, पिठाला काही करत नाही. पाणी मात्र पिठातला स्टार्च शोषून घेतो आणि बिस्किट सादळते. ओल्या लसणात निम्म्याहून जास्त पाणीच असते. म्हणून या मसाल्यात लसणाची पेस्ट, लिंबाचा रस, हिरवी मिरची, ताजी कोथिंबीर यातले काहीही घालू नका. भांडे आणि चमचाही कोरडा ठणठणीत हवा. हे एवढे पाळले की रात्रभर तेलात राहूनही क्रॅकर कुरकुरीतच राहतो.

खात्री करायची असेल तर एक बिस्किट बशीत ठेवा आणि त्यावर अर्धा छोटा चमचा मसाल्याचे तेल सोडा. सुरुवातीला तेल वर तळ्यासारखे साचते. मग बिस्किटाच्या भोकांभोवती गडद डाग पडतात आणि ते हळूहळू एकमेकांत मिसळतात. थोड्या वेळाने वरचे तेल दिसेनासे होते आणि मिरचीचे तुकडे तेवढे चिकटून राहतात. आता ते मोडून बघा, कट्‌ आवाज येतो आणि आतून ते कडेपासून मधपर्यंत केशरी झालेले दिसते. आपल्याला डब्यातले प्रत्येक बिस्किट असे करायचे आहे.

आता बिस्किट कोणते घ्यायचे. सॉल्टीन म्हणजे पातळ, चौकोनी, भोके पाडलेले, अजिबात गोड नसलेले बिस्किट. त्याच्या सगळ्यात जवळचे म्हणजे आपल्याकडचे साधे क्रीम क्रॅकर. ते पापुद्र्याचे असते, चवीला फिके असते आणि तेल भरपूर पिते. मोनॅको कोणत्याही किराणा दुकानात मिळते आणि छान लागते, पण त्याच्या पिठात आधीच स्निग्धांश असतो आणि वर मीठ भुरभुरलेले असते. त्यामुळे तेल कमी लागते आणि वरून मीठ चिमूटभरही घालायचे नाही. माझी पसंती मोनॅकोला, कारण ते एका घासात तोंडात जाते, मॅच बघताना सोफ्यावर चुरा सांडत नाही. गोड-खारट बिस्किटे घेऊ नका. मसाल्याबरोबर गोडसर चव विचित्र लागते, आणि साखरेमुळे ती ओव्हनमध्ये लवकर करपतात. खारी तर मुळीच नको, उलटसुलट करताना तिचा भुगा होतो.

रँचचे पाकीट मिळाले नाही याचे वाईट वाटून घेऊ नका. रँच हे कॅलिफोर्नियातल्या हिडन व्हॅली नावाच्या रँचवरून, म्हणजे मोठ्या फार्मवरून, १९५० च्या दशकात नावारूपाला आलेले, सॅलडवर घालायचे ताकाचे ड्रेसिंग आहे, आणि पाकिटात त्याचाच कोरडा मसाला असतो. ताकाची पावडर, लसूण पावडर, कांदा पावडर, मिरे, मीठ, वाळवलेली शेपू आणि पार्सली. म्हणजे आंबटपणा, लसूण आणि एखादा वाळवलेला पाला, बस. आंबटपणासाठी आपल्याकडे आमचूर आहे, दुधाळपणासाठी दूध पावडर आहे, पाल्यासाठी कसुरी मेथी आहे. लसूण आणि कांद्याची पावडर आता मोठ्या किराणा दुकानांत सहज मिळते. लसूण पावडर घेताना लसूण-मीठ असे लिहिलेली बाटली उचलू नका, नाहीतर सगळे खारट होईल.

मिरचीवर थोडे जास्त बोलते, कारण नागपूरकर पाहुण्यांसमोर ठेवायचे आहे. मिरची पावडर एकटी वापरू नका. पावडरने रंग येतो, पण ती सगळीकडे सारखी पसरते आणि प्रत्येक घास एकाच सुरात लागतो. जाडसर कुटलेल्या मिरचीने मजा येते, मध्येच एखादा तुकडा दाताखाली येतो. पाकिटातले चिली फ्लेक्स बहुतेक वेळा बियांनी भरलेले असतात. मिरचीचा तिखटपणा बियांत नसतो, बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात त्या शिरेत असतो. म्हणून अख्खी मिरची आणून घरीच कुटलेली बरी. नागपूरच्या इतवारी बाजारात गेलात तर भिवापुरी मिरची विचारा. भिवापूर आपल्याच जिल्ह्यातला तालुका, आणि तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. हल्ली तिच्या नावाखाली दुसरीच मिरचीही विकली जाते, तेव्हा नेहमीच्या, भरवशाच्या दुकानदाराकडूनच घ्या. देठ काढा, कोरड्या कढईत मंद आचेवर फक्त गरम होऊन कडक होईपर्यंत फिरवा, थंड करा आणि खलबत्त्यात कुटा. मिक्सरमध्ये करायची असेल तर बटण दाबून लगेच सोडा, असे दोन-चार वेळा. सलग फिरवली की पावडर होते. तिखट कमी खाणारे असतील तर निम्मी ब्याडगी घ्या.

सावजी मसाल्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. घाला, पण हात आखडता ठेवून. हलबा कोष्टी समाजाच्या स्वयंपाकघरातून आलेला हा मसाला रश्श्यात तेलावर बराच वेळ परतला जातो, तेव्हा कुठे त्यातले धने, दगडफूल, मसाला वेलची, लवंग एकजीव होतात. क्रॅकरवर त्याला तेवढी आच मिळत नाही. जास्त घातला तर कच्च्या धन्याची चव पुढे येते आणि लवंग जिभेवर बसते. शिवाय काही घरच्या मसाल्यांत खोबरे आणि खसखस असते, ते लवकर खवट होते. त्याच दिवशी संपणार असेल तर प्रश्न नाही, आठवडाभर ठेवायचे असेल तर खोबरे नसलेला मसाला बघून घ्या. सावजीसोबत जवसाचे तेल वापरावे असा मोह काहींना होतो. रश्श्याला ते शोभते, इथे नको. जवसाचे तेल हवेत फार पटकन खराब होते आणि क्रॅकरमध्ये ते पातळ थर होऊन पसरलेले असते, म्हणजे सगळ्या बाजूंनी हवाच. रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल घ्या.

प्रमाण साधारण ४०० ग्रॅम बिस्किटांचे देते. मोनॅको असेल तर अर्धा कप तेल, क्रीम क्रॅकर असेल तर पाऊण ते एक कप. कुटलेली मिरची दोन मोठे चमचे, रंगासाठी काश्मिरी मिरची पावडर एक छोटा चमचा, लसूण पावडर दीड छोटा चमचा, कांदा पावडर एक छोटा चमचा, मिरेपूड अर्धा, आमचूर एक, सावजी मसाला एक, हिंग दोन चिमटी. दूध पावडर एक मोठा चमचा आणि हातावर चुरडलेली कसुरी मेथी एक मोठा चमचा. क्रीम क्रॅकर फिके असते, त्यात अर्धा छोटा चमचा बारीक मीठ किंवा काळे मीठ घाला. वीस जणांसाठी हे सगळे दुप्पट करा.

तेल छोट्या कढल्यात गरम करून गॅस बंद करा आणि थोडे निवू द्या. मिरचीचा एक तुकडा टाकून बघा. तो तडतडला किंवा काळा पडला तर तेल अजून गरम आहे. तुकड्याभोवती अगदी बारीक बुडबुडे येऊन थांबले की सावजी मसाला, हिंग आणि कुटलेली मिरची आधी घाला, म्हणजे धन्याचा कच्चेपणा जातो. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, त्यामुळे हा कोमट तेलाचा वेळ वाया जात नाही. काश्मिरी पावडर त्यानंतर. तेलाला पोह्यांवरच्या तर्रीसारखा रंग आला पाहिजे. ते पूर्ण थंड झाले की लसूण, कांदा, मिरे, आमचूर, दूध पावडर आणि मेथी मिसळा. लसूण पावडर आणि दूध पावडर गरम तेलात टाकली की करपून कडू होते, म्हणून हा क्रम बदलू नका.

मसाला तळाशी बसण्याचे कारण म्हणजे तो एकाच जागी ओतला गेला आणि बिस्किटे तशीच राहिली. घट्ट झाकणाचा, पसरट आणि बिस्किटे भरूनही एक तृतीयांश रिकामा राहील एवढा डबा घ्या. एक थर बिस्किटे, त्यावर चमच्याने थोडे तेल, पुन्हा बिस्किटे, पुन्हा तेल. प्रत्येक वेळी चमचा वाटीच्या तळातून ढवळून उचला, कारण मसाला सतत खाली बसत असतो. झाकण लावा आणि डबा हळूच उलटा करा. पंधरा-वीस मिनिटांनी सुलटा, मग आडवा. तासभर असे चालू द्या. खळखळ हलवू नका, कडा तुटतात. घरात मुले असतील तर हे काम त्यांना द्या, आमच्याकडे त्यावरून भांडणे होतात. नंतर रात्रभर डबा तसाच राहू द्या. घाई असेल तर चार तासही पुरतात, पण दुसऱ्या दिवशीची चव वेगळीच, तिखटपणा वर न राहता आतून येतो. म्हणून रविवारच्या मॅचसाठी शनिवारी संध्याकाळी करायला घ्या.

मूळ अमेरिकन कृतीत बरेच जण इथेच थांबतात, भाजत नाहीत. मी मात्र भाजा असेच सांगेन. १२० अंश सेल्सिअसला आधी गरम केलेल्या ओटीजीत, एका थरात, १२ ते १५ मिनिटे. याने वरचा तेलकटपणा जातो, बोटे लाल होत नाहीत, लसणाचा वास खुलतो. ओव्हन नसेल तर जाड बुडाचा तवा अगदी मंद आचेवर ठेवून थोडी थोडी बिस्किटे दोन्ही बाजूंनी गरम करा आणि तिथून हलू नका. बाहेर काढल्यावर ती थोडी मऊ वाटतील, निवली की कडक होतात. पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरू नका. वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि सगळी मेहनत जाते.

ठेवण्याबद्दल थोडे. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की अर्ध्या तासात फरक कळतो, तेव्हा पार्टीत सगळी एकदम थाळीत काढू नका, लागतील तशी काढा. सादळलीच तर ओव्हनमध्ये पाच-सात मिनिटे पुन्हा गरम केली की परत कुरकुरीत होतात. उन्हाळ्यात आपल्याकडे उलट आहे. पारा ४५ च्या आसपास असताना हवा इतकी कोरडी असते की बिस्किट सादळत नाही, पण उष्णतेने तेल लवकर खवट होते. मे महिन्यात केलेली चार-पाच दिवसांत संपवा आणि डबा ओट्याजवळ नको, अंधाऱ्या कपाटात ठेवा. थंडीत आठ-दहा दिवस आरामात टिकतात.

वीस जणांत दोन-तीन तरी न सोसणारे असतातच, लहान मुलेही असतील. तेलाचे मिश्रण करतानाच पाव भाग बिस्किटांसाठी वेगळी वाटी काढा आणि त्यात मिरची, सावजी न घालता फक्त लसूण, मिरे, आमचूर, मेथी आणि दूध पावडर ठेवा. वेगळ्या डब्यात मुरवा, कारण एकाच डब्यात शेजारी ठेवली तरी तिखट तेल पोहोचतेच. भाजतानाही ही आधी भाजा, तिखट नंतर.

सोबत काय ठेवायचे, हेही तुम्ही विचारले होते. टांगलेले घट्ट दही, त्यात थोडी साखर, मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. तिखट लागले की पाण्याकडे धावण्यापेक्षा दह्याने लवकर आराम पडतो, दुधातली प्रथिने मिरचीचा झणका ओढून घेतात. बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, उकडलेले हरभरे आणि लिंबू वेगळ्या वाट्यांत ठेवा, बिस्किटांवर आधीच घालून ठेवू नका. ज्याला हवे त्याने खायच्या क्षणी वर घ्यावे. आणि मॅच रात्रीची असेल तर एक डबा दुसऱ्या डावासाठी आत झाकून ठेवा, पहिल्या दहा षटकांतच थाळी रिकामी होते.