'इव्हँजेलिकल' म्हणजे धर्मप्रचारक नव्हे

एका वाचकाचा प्रश्न आलाय. कँटरबरीच्या आर्चबिशपपदी, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चच्या सर्वोच्च धर्मगुरूच्या पदावर, सारा मुलली यांची निवड झाली, त्या सुमाराची एक मराठी बातमी त्यांच्या वाचनात आली. मथळ्यात 'चर्चमधील धर्मप्रचारकांचा विरोध' असं होतं आणि आत एका पाद्रीबाबांविषयी 'ते तीस वर्षे मंत्रालयात आहेत' असं. वाचक विचारतात, "धर्मप्रचारक म्हणजे मिशनरीच ना? मग मिशनरी आपल्याच आर्चबिशपच्या विरोधात कशाला जातील? आणि हे गृहस्थ मंत्रालयात करतात तरी काय?"

मंत्रालयाचं आधी उरकतो. मूळ शब्द 'मिनिस्ट्री' असणार. लॅटिनमध्ये मिनिस्टर म्हणजे सेवक, हाताखालचा माणूस. म्हणून इंग्रजीत राजाचा सेवक तोही मिनिस्टर आणि देवाचा सेवक तोही मिनिस्टर. आपल्या 'मंत्री'मध्ये सेवा नाही, मंत्र आहे, म्हणजे सल्लामसलत. तो शब्द चर्चकडे वळणारच नाही. मराठी ख्रिस्ती माणूस इथे 'सेवा' किंवा 'सेवाकार्य' म्हणतो. 'पाळकसाहेब तीस वर्षं सेवेत आहेत' एवढं लिहिलं की झालं. भाषांतर यंत्राकडून करून घ्या हवं तर, पण छापण्याआधी एकदा वाचा हो.

धर्मप्रचारकाचं प्रकरण जास्त गुंत्याचं आहे, आणि ती चूक करणाऱ्याबद्दल मला थोडी सहानुभूतीही आहे. बातमीतला मूळ शब्द 'इव्हँजेलिकल'. त्याच्या मुळाशी ग्रीक 'एवांगेलिऑन', म्हणजे चांगली बातमी. मराठी बायबलने यासाठी दोन फार देखणे शब्द घडवले: 'शुभवर्तमान' आणि 'सुवार्ता'. वर्तमान म्हणजे बातमी हा अर्थ आज आपल्या बोलण्यातून गेला, 'वर्तमानपत्रा'त तेवढा उरला. ख्रिस्ती घरांत मात्र 'मत्तयकृत शुभवर्तमान' अजून रोज उघडलं जातं, म्हणजे तो जुना अर्थ तिथे जिवंत आहे.

याच मुळापासून इंग्रजीत 'इव्हँजेलिस्ट' आला, आणि घोळ तिथे सुरू होतो. इव्हँजेलिस्टचे अर्थ दोन. एक, शुभवर्तमान लिहिणारा: मत्तय, मार्क, लूक, योहान. कुलाब्याचं अफगाण चर्च सगळ्यांना माहीत असतं; १८५८ मध्ये अर्पण झालेल्या त्या चर्चचं खरं नाव 'सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट'. इथला जॉन म्हणजे शुभवर्तमानकार योहान. दुसरा अर्थ, गावोगाव फिरून सुवार्ता सांगणारा. त्याला मराठीत 'सुवार्तिक' हा नेमका शब्द आहे. बायबलच्या नव्या करारात तो तीनच ठिकाणी येतो, त्यातला एक प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला केलेला उपदेश: सुवार्तिकाचं काम कर. बिचाऱ्या 'धर्मप्रचारका'ला जागा द्यायचीच असेल तर ती इथे.

'इव्हँजेलिकल' हे काम नव्हे. ती चर्चच्या आतली एक धारणा आहे. इव्हँजेलिकल माणूस बँकेत कारकून असेल, आयुष्यात कुणापुढे धर्माचा शब्दही काढत नसेल, तरी तो इव्हँजेलिकल असू शकतो. जसा वारकरी. वारकरी म्हणजे कीर्तनकार नव्हे. कीर्तनकार बहुधा वारकरी असतो, एवढंच.

मग ही धारणा कसली? डेव्हिड बेबिंग्टन या ब्रिटिश इतिहासकाराने १९८९ मध्ये तिच्या चार खुणा सांगितल्या आणि अभ्यासक अजून त्याच वापरतात. माझ्या मराठीत सांगायचं तर: माणसाचं मन पालटलं पाहिजे, नुसतं ख्रिस्ती घरात जन्मून भागत नाही; अंतिम अधिकार बायबलचा; ख्रिस्ताच्या क्रुसावरच्या मरणाला सगळ्यात मोठं स्थान; आणि श्रद्धा हातपाय हलवून दिसली पाहिजे. दुसऱ्या खुणेसाठी आपल्याकडे 'ग्रंथप्रामाण्य' हा शब्द तयारच आहे, वेदप्रामाण्याच्या वादांत शंभर वेळा घासून गुळगुळीत झालेला. त्यावरून 'बायबलप्रामाण्यवादी' असा प्रतिशब्द काढायचा मोह मलाही झाला होता. पण चारातली एकच खूण त्यात येते. बाकीच्या तीन वाऱ्यावर.

चौथ्या खुणेतच त्या मथळ्याच्या चुकीचं मूळ आहे. हातपाय हलवायचे म्हणून इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमधल्या इव्हँजेलिकल लोकांनी १७९९ मध्ये लंडनला चर्च मिशनरी सोसायटी काढली. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झगडणारा विल्बरफोर्स याच गोतावळ्यातला. ती सोसायटी नाशिकला आली, शरणपूर वसवलं. आज शरणपूर रोडवर गाडी लावायला जागा शोधणाऱ्याला नावातली 'शरण' ऐकूही येत नाही, पण अरबी समुद्रावर गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं त्या वसाहतीत शिकत होती. जेकब वेनराइट त्यांतलाच. आफ्रिका धुंडाळणारा मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याचं शव आफ्रिकेच्या पोटातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही. पुढे मोंबासाजवळ सुटका झालेल्या गुलामांसाठी फ्रीअरटाउन ही वसाहत उभी राहिली, तेव्हा नाशिकची ही माणसं तिथे गेली. मिशन काढणारे इव्हँजेलिकल होते, म्हणून इव्हँजेलिकल म्हणजे मिशनरी, असा तो प्रवास झाला असावा.

पण उलटा दाखलाही आपल्याच अंगणात आहे, पुण्यात. १८९० च्या पंचहौद मिशनच्या चहाने टिळक आणि रानडे यांना प्रायश्चित्ताच्या भानगडीत टाकलं, हे आपण शाळेपासून ऐकतो. ते मिशनही अँग्लिकन, पण दुसऱ्या टोकाचं. धूप, मेणबत्त्या, मठवासी फादर आणि सिस्टर असलेलं, ज्याला अँग्लो-कॅथलिक म्हणतात ते. तिथल्या फादर लोकांच्या संघाचं नाव काय, तर 'सोसायटी ऑफ सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट'! म्हणजे नावात इव्हँजेलिस्ट, कामाने मिशनरी, आणि तरी इव्हँजेलिकल नाहीत. 'धर्मप्रचारक' हा प्रतिशब्द इथे सपशेल झोपतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला याच अँग्लो-कॅथलिक सिस्टरांच्या सहवासात झाला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या रमाबाई मात्र इव्हँजेलिकल वळणाच्या. एकाच बाईच्या आयुष्यात दोन्ही टोकं, आणि मराठी वाचक दोन्हींना सरसकट 'मिशनरी' म्हणून मोकळा होतो.

प्रश्नकर्त्यांनी विचारलेलं नाही, पण 'कट्टरपंथी' हा दुसरा प्रतिशब्दही हल्ली दिसतो. तोही नको. २०२३ च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या चर्चच्या सिनॉडने, म्हणजे निर्णय घेणाऱ्या प्रतिनिधी सभेने, समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थनांची वाट मोकळी केली. त्यावर एप्रिलमध्ये किगालीला जमलेल्या 'गॅफकॉन' या परंपरावादी अँग्लिकनांच्या जागतिक गटाने कँटरबरीचं नेतृत्व मानायला नकार दिला. या गटात इव्हँजेलिकल वजन मोठं. पण ज्यांचं नेतृत्व नाकारलं ते तेव्हाचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी, तेही इव्हँजेलिकल घडणीचेच! म्हणजे वादाच्या दोन्ही बाजूंना हा शब्द लागू. त्याचं मतात भाषांतर करायला गेलात की फसलात. मुलली यांच्या निवडीवर टीका करणाऱ्यांतही सगळ्यांचे मुद्दे एक नाहीत; कुणाला स्त्री बिशपच मान्य नाही, कुणाला त्या प्रार्थनांवरची त्यांची भूमिका खटकते.

मग मराठीत लिहायचं काय? 'सुवार्तावादी' सुचवणारे आहेत. व्याकरणाने त्यात खोट नाही, पण 'सुवार्ता' ही सगळ्या ख्रिस्ती लोकांची सामाईक मालमत्ता आहे. वसईच्या कॅथलिकांचं मासिक, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी कित्येक वर्षं चालवलेलं, त्याचं नावच 'सुवार्ता'. एका गटाला सुवार्तावादी म्हटलं की बाकीचे काय कुवार्तावादी? जर्मनांची हीच पंचाईत झाली. त्यांचा 'इव्हँगेलिश' हा शब्द लुथरच्या काळापासून सगळ्या प्रॉटेस्टंटांसाठी रुळलेला, म्हणून या धारणेसाठी त्यांनी 'इव्हँगेलिकाल' असा वेगळा शब्द घेतला. जर्मनांनी घेतला तर आपल्याला लाज कसली?

आमच्या शेजारच्या काकू जन्मापासून चर्चला जातात. त्यांना मी सरळ विचारलं, "तुम्ही इव्हँजेलिकल का हो?" त्या म्हणाल्या, "आम्ही सीएनआयचे." बरोबरच आहे. १९७० साली नागपुरात उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली आणि इथले अँग्लिकन तिच्यात मिसळले. इंग्लंडमधलं हे गटांचं गणित त्यांच्या रोजच्या बोलण्यात नाही, त्यामुळे तयार मराठी शब्द त्यांच्याकडून मिळेल ही माझी आशा फोल ठरली. वर "कोण विचारतंय, पेपरवाले?" हे ऐकावं लागलं ते वेगळंच.

तेव्हा माझं मत: 'इव्हँजेलिकल' तसाच ठेवावा, आणि बातमीत पहिल्यांदा येईल तिथे 'बायबलचा शब्द अंतिम मानणारे आणि वैयक्तिक मनःपरिवर्तनावर भर देणारे' असं एक अर्धवाक्य जोडावं. मथळ्यात एवढं मावत नाही, तिथे नुसता शब्द चालेल. अनेकवचन 'इव्हँजेलिकल्स' नको, 'इव्हँजेलिकलांचा' जिभेला जड. मी 'इव्हँजेलिकल मंडळींचा विरोध' असं लिहीन. फक्त ख्रिस्ती मराठीत 'मंडळी' म्हणजे चर्च, हे काकूंनी लगेच दाखवून दिलं: "माणसांचा विरोध आहे का चर्चांचा, ते आधी ठरव."